फुगणारा होज पाइप सारखा फुटतोय? पुढचा घ्यायच्या आधी जुना उघडून बघा

तर तिसरा पण फुटला. तोच तो, पाणी सोडलं की अंगात आल्यासारखा लांबच लांब होत जाणारा आणि बंद केलं की आखडून पिशवीत मावणारा पाइप, कोणी एक्सपांडेबल होज म्हणतं कोणी मॅजिक होज म्हणतं, आमच्या घरात "तो फुगणारा" एवढंच नाव आहे. तीन वर्षांत तीन गेले. दरवेळी मी माल हलका म्हणून शिव्या घातल्या आणि दरवेळी आधीच्यापेक्षा जरा भारीतला आणला. तिसऱ्या वेळी मात्र डोकं फिरलं, म्हटलं आता चौथा आणायचा की हा नादच सोडायचा ते एकदाचं ठरवू. पहिले दोन सांदीत पडलेलेच होते, आमच्याकडून काही टाकवत नाही, तर तिन्ही घेऊन पायरीवर बसलो, कात्री घेतली आणि जिथे फुटले होते तेवढ्याच जागी उभे चिरले.

आत जे दिसलं ते सविस्तर सांगतो कारण सगळा उलगडा तिथेच झाला. पहिल्याची आतली नळी नळाकडच्या टोकाला, जिथे कपलिंगची, म्हणजे नळाला जोडायच्या तोंडाची, कडा टेकते बरोबर तिथे, नखाने ओरखडल्यासारखी अर्धगोल फाटलेली, बाकी नळी ठणठणीत. दुसऱ्याचं भोक मधोमध होतं आणि त्या जागचं बाहेरचं कापड कुरतडल्यासारखं विरलेलं, बोटांनी चोळलं तर त्यातून बारीक वाळू गळली, चांगली चिमूटभर. तिसऱ्याची तर गतच वेगळी, आतलं रबर ड्रॉवरमध्ये विसरलेल्या जुन्या रबरबँडसारखं झालेलं, बोटाला चिकटत होतं, जरा ताणलं की आडव्या बारीक बारीक चिरा उघडायच्या आणि एक नाही चार ठिकाणी गेलेलं. म्हणजे तीन पाइप तीन वेगळ्या कारणांनी गेले आणि मी तिन्ही वेळा निदान एकच केलं होतं.

म्हणून पहिलं सांगणं हेच, फुटला असेल तर लगेच नवीन शोधायला बसू नका, जुना कुठे फुटलाय ते बघा. टोकाला, मधे, की सगळीकडे. यावरून कळतं की दोष पाइपचा, तुमच्या जागेचा, की तुमच्या सवयीचा. माझ्या बाबतीत उत्तर जरा लाजिरवाणं निघालं, त्याकडे येतोच.

आधी हा प्रकार चालतो कसा ते. आत एक लवचिक नळी, लेटेक्सची म्हणजे नैसर्गिक रबराची नाहीतर टीपीई म्हणतात त्या रबरासारख्या प्लास्टिकची. बाहेर विणलेलं पॉलिस्टर किंवा नायलॉनचं कापड, चुण्या चुण्या पडलेलं. या दोघांची गाठ फक्त दोन टोकांना असते, मधे कुठेही चिकटवलेलं नसतं. दाब आला की नळी लांबीलाही वाढते आणि जाडीलाही, कापडाच्या सगळ्या चुण्या उघडल्या की थांबते, साधारण तिप्पट होते, त्यामुळे खोक्यावर ५० फूट लिहिलेला पाइप कोरडा असताना १७ फुटांच्या आसपास असतो. अमेरिकेत मायकेल बेरार्डी यांना २०१२ मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं, मग बघता बघता हिरवे निळे काळे सगळ्या रंगांचे सगळीकडे दिसायला लागले. त्या रचनेत एक गोष्ट मुद्दाम होती जी बरेच जण विसरतात, पुढच्या टोकाला पाणी अडवणारं काहीतरी लागतं. नोझल, स्प्रे गन, काहीही. पुढचं टोक मोकळं सोडलं तर आत दाबच तयार होत नाही, पाइप अर्धवट लांब होतो आणि नुसतं पाणी सांडतो.

आता यातली मुख्य गोष्ट, सायकलची ट्यूब आणि टायर आठवा. नुसत्या ट्यूबमध्ये हवा भरत राहिलात तर ती कुठेतरी एका जागी फुगा काढणार आणि फट्. टायर आहे म्हणून ती टिकते. इथे कापड म्हणजे टायर. दाब खरा कापड सोसतं, रबर फक्त पाणी धरून ठेवतं. म्हणून पाइपच्या मधेच कुठे लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला तर समजायचं की तिथलं कापड गेलं, रबर अजून चांगलं असेलही पण त्याचे दिवस भरले. असा फुगवटा दिसला की त्याच क्षणी नळ बंद करा. मी "आज बघू उद्या बघू" केलं आणि दुसरा पाइप माझ्या पोटरीजवळ फुटला, लागलं काही नाही पण दचकून मी हातातली बादली सोडली.

मधे फुटण्याचं कारण बहुतेक वेळा घर्षण. हा पाइप लांब होताना आणि आखडताना जमिनीवरून सरपटतो, साधा पाइप नुसता पडून असतो पण हा दरवेळी जाऊन येऊन दोन फेऱ्या मारतो. खडी, सिमेंटची धारदार कड, पायरीचा कोपरा, गुलाबाचे काटे. त्यात कापड ओलं, ओल्या कापडात वाळू अडकते आणि मग आतून बाहेरून सँडपेपर. माझा बरोबर पायरीच्या कोपऱ्यावर घासत होता, रोज त्याच जागी. उपाय काही फार मोठा नाही, कोपऱ्यावर पाइप वळवायला एखादा गोल खुंटा ठोका, आणि महिन्यातून एकदा फुगलेल्या अवस्थेत साध्या पाण्याने वरून धुऊन काढा, फुगलेला असताना चुण्या उघडलेल्या असतात म्हणून वाळू निघते, आखडलेला धुण्यात काही अर्थ नाही. खोक्यावर ३७५० डी वगैरे जे लिहिलेलं असतं ते या कापडाबद्दल, डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, आकडा मोठा म्हणजे धागा जाड. जमीन खडबडीत असेल तर तो आकडा बघण्यात अर्थ आहे, पण आतल्या नळीबद्दल तो काहीही सांगत नाही हे लक्षात ठेवा. मी दुसऱ्यानंतर मोठा आकडा बघून तिसरा आणला आणि तो आतून कुजून मेला, कापड अजून नव्यासारखं आहे.

टोकाला फुटणं हा यातला सगळ्यात कॉमन प्रकार. रबर तिथे कपलिंगच्या दांड्यावर चढवून वरून क्लॅम्प आवळलेला असतो, म्हणजे त्या जागी रबराला हलता येत नाही आणि लगेच पुढचं इंचभर रबर तिप्पट ताणलं जातं. एकीकडे घट्ट, एकीकडे ताण, आणि मधे ती कडा. त्यात पाइप नळापासून खाली लोंबत असेल तर आतल्या पाण्याचं वजनही त्याच कडेवर, आणि आपण पुढून हिसका मारतो तो पण तिथेच येऊन बसतो. वजनाचा अंदाज सांगतो, फुगल्यावर आतला व्यास अर्धा इंच धरला तर १५ मीटर पाइपात साधारण दोन लिटर पाणी मावतं, म्हणजे दोन किलो. सगळं काही टोकावर येत नाही पण नळ कमरेएवढा उंच असेल तर लोंबणारा भाग दर फुगण्याबरोबर तिथे मुरगळत राहतो. यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे नळाला वाकडी कपलिंग लावायची, जी तोंड खाली करते, म्हणजे पाइप काटकोनात दुमडत नाही. दुसरं, पाइप ओढायची सवय सोडायची. हा ताणून लांब करायचा नसतोच, आधी दाबाने लांब होऊ द्यायचा आणि मग चालायचं.

पण माझा पहिला पाइप नुसत्या ओढण्याने गेला नव्हता. तो रात्रभर चालू राहिला होता. चालू म्हणजे पाणी वाहत नव्हतं, नोझल बंद आणि नळ उघडा.

आणि इथेच ते लाजिरवाणं उत्तर. आमचा नळ घराच्या मागे आणि कुंड्या पुढे. पाणी घालून झालं की नोझलचा खटका सोडायचा, पाणी बंद झालं, काम झालं. मागे जाऊन नळ बंद करायचा कंटाळा. आई आतून ओरडायची "अरे नळ बंद केलास का", मी म्हणायचो हो, माझ्या मते तो बंदच होता की, पाणी येत नव्हतं ना. तर नोझल बंद असताना पाइपवर सगळ्यात जास्त दाब असतो, पाणी वाहत असताना वाटेत थोडा तरी दाब घटतो, बंद केलं की लाइनीतला पूर्ण दाब रबरावर. रात्री सगळीकडचे नळ बंद झाले की बऱ्याच लाइनींमध्ये दाब अजून चढतो. त्यात तो तासन् तास. साध्या जाड पाइपला याचं फारसं काही वाटत नाही, पण ताणून ठेवलेलं रबर हळूहळू सैल पडत जातं, आणि जिथे कमजोर जागा आहे तिथे एक दिवस सोडून देतं. ही झाली पहिल्याची गोष्ट.

तिसराही त्याच सवयीने मेला, फक्त सावकाश. रबराची एक खोड आहे, हवेत थोडा ओझोन असतोच, आणि तो सैल पडलेल्या रबराला फारसा त्रास देत नाही पण ताणलेल्या रबराला आडव्या चिरा पाडतो. घरी करून बघण्यासारखं आहे, एक रबरबँड डब्यावर ताणून चढवा आणि तसाच दुसरा नुसता बाजूला ठेवा, काही महिन्यांनी ताणलेल्याला चिरा पडलेल्या दिसतील. तर माझा तिसरा पाइप दिवसचे दिवस ताणलेल्या अवस्थेत अंगणात पडून, वरून ऊन, आतलं पाणी तापून कोमट, गरम झालं की रबर आणखी नरम. मी त्याला चार लेअर, पितळी तोंड, जाड कापड असं सगळं बघून आणला होता आणि वागवला मात्र पहिल्यासारखाच. चार लेअर असोत की आठ, चोवीस तास ताणून ठेवलेलं रबर उन्हात टिकत नाही.

म्हणून वापरून झाल्यावरचा क्रम एकदा पक्का डोक्यात बसवा. आधी नळ बंद. मग नोझल उघडं धरायचं, पाइप आखडत जातो आणि आतलं पाणी स्वतःच बाहेर ढकलतो, अर्धा एक मिनिट पाणी येतच राहतं. ते दोन लिटर कुठल्यातरी झाडाला घाला, म्हणून शेवटची एक कुंडी शिल्लक ठेवायची. पूर्ण आखडला की सावलीत टांगा. टांगताना खिळ्यावर नको, एका जागी धार लागते, रुंद हूक किंवा सरळ बादलीत गोळा करून ठेवा. उलट क्रमाने म्हणजे नोझल बंद करून नंतर नळ बंद केला आणि तसाच सोडला तर दाब आत कोंडलेला राहतो, बाहेरून बंद दिसतं पण पाइप ताणलेलाच. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर आत थेंब न ठेवता घरात न्यायचा, बर्फ जागा जास्त व्यापतो आणि तोंडं तडकतात.

आता बाकीच्या तक्रारी. फुटणं सोडून याच पाइपबद्दल जे वैताग येतात ते बहुतेक फुटकळ आहेत, एक सोडून.

ते एक म्हणजे "लांबच होत नाही". नवा कोरा आणला, नळाला लावला, आणि १७ फुटांचा २० फूट होऊन बसला. पाइप बदलून आणला तरी तेच. इथे पाइपचा काही दोष नसतो, नळाला दाब नसतो. हिशोब सोपा आहे, दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. नळाला पाणी टाकीतून नुसतं उताराने येत असेल आणि टाकीतली पातळी नळापासून चार मीटर उंच असेल तर तुमच्याकडे आहे ०.४ बार. हा पाइप पूर्ण ताणायला ढोबळमानाने तीन बारच्या आसपास लागतात, म्हणजे टाकी तीस मीटर उंच हवी. अर्ध्या दाबावर तो अर्धवट लांब होतो आणि मग आपण तो हाताने ओढतो आणि मग वर सांगितलं तसा टोकाला फाटतो. तेव्हा टाकीचं पाणी असेल आणि मधे प्रेशर पंप नसेल तर हा विषय इथेच संपला, वाचत बसू नका, साधा पाइप घ्या. थेट लाइनीचं पाणी असेल तर नळाला लावायचा प्रेशर गेज मिळतो तो लावून बाकी सगळे नळ बंद ठेवून आकडा बघा. तीनच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. सहाच्या वर जात असेल तर फुगेल मस्त पण फुटेलही लवकर, तिथे आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा.

एकदा लांब होतो पण पाणी मारायला लागलं की आखडतो आणि हात मागे ओढतो, ही त्याच दुखण्याची सौम्य आवृत्ती. नोझल पूर्ण उघडलं की पाणी सुटतं, दाब पडतो, पाइप आखूड होतो. नोझल थोडं कमी उघडा, नाहीतर शॉवरवाल्या सेटिंगऐवजी बारीक फवारा वापरा. टाइमर आणि लॉन स्प्रिंकलरला हा पाइप जोडू नका, ते तासभर दाबाखाली ठेवतात. ठिबकला तर अजिबात नको.

नळाच्या तोंडाशी गळतंय, यात दहातल्या आठ वेळा आतलं वायसर नाही नाहीतर दुमडलंय. ते चपटं रबरी वायसर काढून बघा, कडक झालं असेल तर बदला. लोक टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे मारतात, पण या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतं, टेपने काही होत नाही. वायसर चांगलं असून गळत असेल तर आटेच वेगळे असू शकतात. अमेरिकी पद्धतीच्या गार्डन होजच्या पाऊण इंची तोंडाला इंचात साडेअकरा आटे असतात आणि बीएसपी म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या पाऊण इंचाला चौदा, दोन्ही दिसायला जवळपास सारखे, पहिले एक दोन वेढे चढतातही आणि मग अडकतं. तिथे पाना घेऊन जोर लावला की प्लास्टिकचे आटे गेलेच. योग्य अडॅप्टर आणा. आणि पुढच्या वेळी पितळी तोंडाचा घ्या, प्लास्टिकचं तोंड दोनदा पडलं की तडकतं. हे मात्र मी मान्य करतो, पितळी तोंडासाठी जास्त मोजणं वाया जात नाही. पितळी दिसणारं आणि पितळी यातही फरक आहे, चुंबक काही कामाचं नाही कारण अॅल्युमिनियमलाही चिकटत नाही, हातात घेऊन वजन बघा.

पाणी हळू येतं अशी तक्रार असेल तर ती खरी आहे आणि त्यावर उपाय नाही. मी एकाच नळावर दहा लिटरची बादली भरून बघितली, जुन्या साध्या पाइपने चाळीस सेकंद, फुगणाऱ्याने पासष्ट. कुंड्यांना पासष्ट चालतात. मोठा हौद किंवा टाकी भरायची असेल तर तेवढ्यात माणूस म्हातारा होतो.

आखडतच नाही, लोळागोळा पडून राहतो, असं व्हायला लागलं तर नळ नीट बंद झालाय ना आणि नोझल उघडं आहे ना बघा. दोन्ही ठीक असून आखडत नसेल तर रबराचा ताण गेलाय, आता फार दिवस नाहीत. बुरशीचा वास येत असेल तर ओला गुंडाळून बंद डब्यात ठेवताय, वाळू द्या. आणि हो, गरम पाणी यातून नाही सोडायचं, पिण्याचं पाणी पण नाही, त्यासाठी खास बनवल्याचं लिहिलेलं नसेल तर. घरात कोणाला लेटेक्सची अॅलर्जी असेल तर टीपीईचाच घ्या.

फुटलेला दुरुस्त होतो का? टोकाला फुटला असेल आणि रबर अजून ताजं असेल तर होतो, मी पहिला तसाच केला आणि तो आता गाडी धुवायला आहे. बाहेरून पट्टी मारणं, सुपर ग्लू, सायकलचं पंक्चर सोल्यूशन हे सगळं करून झालंय, एकही टिकत नाही कारण खालचं रबर तिप्पट ताणलं जातं आणि पट्टी जागच्या जागी, पहिल्याच फुगण्यात ती उचकटते. फाटलेला भाग सरळ कापून टाका. कारखान्यातून आलेली चेपलेली कॉलर परत वापरता येत नाही, स्क्रूने आवळायचं मेंडर म्हणजे दुरुस्तीचं जोडतोंड किंवा नवीन कपलिंग आणि क्लॅम्प आणा. कापडाची कड उसवू नये म्हणून लायटरने हलकेच वितळवून घ्या, हे करताना कापड मागे ओढून रबर लांब ठेवा नाहीतर दुसरं भोक पडेल. मग रबराच्या तोंडाला पाणी लावून ते दांड्यावर शेवटपर्यंत चढवा, वरून कापड, वरून क्लॅम्प. इथे एक चूक मी केली, कापड क्लॅम्पच्या खाली नीट आलं नव्हतं, एका बाजूला बोटभर सुटलेलं, नळ सोडल्यावर त्या फटीतून रबर बबलगमसारखं बाहेर आलं. परत काढलं, परत बसवलं. कापड सगळीकडून क्लॅम्पच्या खाली असलंच पाहिजे. आखडलेल्या पाइपातला दोन इंच तुकडा कापला म्हणजे फुगल्यावरचे सहा इंच गेले, एवढंच नुकसान. मधे फुटला तर जोड देऊन चालतो पण जोडाची दोन्ही टोकं नवीन कमजोर जागा होतात. आणि रबर चिकट झालं असेल, माझ्या तिसऱ्यासारखं, तर अजिबात वेळ घालवू नका, आज इथे जोडाल उद्या तिथे फुटेल.

मग घ्यायचा की नाही. मी हा प्रश्न घेऊन बसलो होतो तेव्हा खरं तर नळ आणि माणूस यांच्यातल्या अंतराचा प्रश्न होता. दाब पुरेसा आहे, जमीन फार खडबडीत नाही, आणि पाणी घालून झाल्यावर नळ तुमच्या वाटेत येतो, तर घ्या, खरंच सोयीचा आहे. साधा १५ मीटरचा जाड पाइप उचलायचा, गुंडाळायचा, त्याची गाठ सोडवायची म्हणजे एक व्यायाम असतो, कमरेचा त्रास असलेल्या माणसाला किंवा वयस्कर माणसाला हा हलका पाइप म्हणजे सुख आहे, आणि ठेवायला जागा नसेल तर दुसरा पर्यायच नाही. नळ लांब असेल आणि तो बंद करायचा तुम्हाला कंटाळा असेल, तर तुम्ही कितीही भारीतला आणा, एक सीझन. स्वतःला ओळखून ठरवा. पाणी भरपूर लागत असेल, खडीवरून ओढावा लागत असेल, किंवा भाड्याने दिलेल्या जागेत दहा जण वापरणार असतील, तर आत धाग्याची जाळी असलेला साधा पाइप आणि भिंतीला एक रीळ, तो कितीतरी वर्षं जातो. फार छोटी जागा असेल तर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला कॉइल पाइपही बघा, त्याला दाबाची एवढी गरज नसते, फक्त तो सारखा पायात येतो.

लांबीचा मोह टाळा. लागेल त्याच्यापेक्षा थोडाच जास्त घ्या, १०० फुटी घेऊन ४० फूट वापरला तरी फुगणार तो अख्खाच, आणि उरलेले साठ फूट तुमच्या पायात लोळत घासत राहतात. साध्या पाइपसारखा हवा तेवढाच सोडता येत नाही.

मी स्वतः शेवटी अर्धं अर्धं केलं. मागच्या नळापासून भिंतीच्या कडेने पुढच्या कोपऱ्यापर्यंत साधी पीव्हीसीची लाइन फिरवून घेतली, क्लिपा मारून, आणि तिच्या टोकाला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्याला २५ फुटी फुगणारा. दाबाखाली राहायचं काम आता पीव्हीसीच्या लाइनीचं, आणि कॉक माझ्या हाताशी, पाव फेरा दिला की बंद. खर्च पाइपपेक्षा लाइनीचाच जास्त झाला, पण तीन पाइपांचा हिशोब केला तर गप्प बसावं लागतं.

चौथ्याला चौदा महिने झाले. मधे एकदा नळाकडचं वायसर बदललं, बाकी काही नाही. परवा मात्र नळ बंद करून नोझल उघडं तसंच जमिनीवर टाकलं आणि आत फोन घ्यायला गेलो, तेवढ्यात तो आखडत गेला आणि नोझल कुंडीच्या मागे अडकून कुंडी आडवी. नोझल हातात धरायला हवं होतं.